पाचव्या वेशीवरचं गाणं

ललित गावितचं काम लोकांची मतं वाचण्याचं. निवडणुकीची नव्हेत, गेमची. नाशिकला गंगापूर रोडवर एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बावीस पोरापोरींनी खपून ‘सातवी वेस’ नावाचा गेम बनवला होता. त्यात तलवार घेतलेली राजकन्या, तिच्यासोबत बोलणारा वाघ आणि शापित जंगलाच्या सात वेशी. गेम बाजारात आला आणि खेळणाऱ्यांची मतं रोज शेकड्यांनी यायला लागली. ती सगळी ललितच्या टेबलावर. प्रत्येक मत वाचायचं आणि त्याला खूण लावायची: ‘आवडलं’, ‘दोष’ किंवा ‘सुचवणी’. महिन्याअखेर मालक ज्ञानेश खुणांचा तक्ता बघायचा. मत एकही वाचायचा नाही. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण स्वभावाने वाईट नव्हता.

लोक काय वाटेल ते लिहीत. ‘वाघ तीन तास बोलतो, कोणाला खात का नाही?’ ‘घोड्याला गुडघेच नाहीत.’ ‘तलवार फार जड वाटते, बदला.’ त्याच्याच खाली दुसरा, ‘तलवारीच्या वजनातच तर मजा आहे, कोणाचं ऐकू नका.’ मालेगावच्या एका विणकराने लिहिलं होतं, ‘माग बंद झाला की खेळायला बसतो. चौथ्या वेशीवरचा राक्षस काही मरत नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं.’ असलं काही आलं की ललित शेजारच्या पल्लवीला वाचून दाखवायचा. पल्लवीने या गेममधली झाडं, नद्या आणि माणसं काढली होती. ती हसून हसून डोळे पुसायची.

पाचव्या वेशीबद्दलचं मत मात्र ललित कोणाला वाचून दाखवत नसे. पाचव्या वेशीवर एक नदी होती. काठावर एक म्हातारा पितळी थाळी घेऊन गात बसलेला असायचा. म्हातारा पल्लवीने काढलेला, पण आवाज रावजीचा होता. रावजी म्हणजे ललितचा बाप, आणि गेम बाजारात आला त्याच्या दोन महिने आधी तो वारला होता.

रावजी सुरगाण्याच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावरचा. उतारावर थोडा भात, थोडी नागली, आणि दिवाळी झाली की दिंडोरीकडे द्राक्षांच्या बागांत मजुरी. अशा माणसाला कोण विचारतो? पण आसपासच्या पंधरा पाड्यांत कोणी गेलं की लोक रावजीला न्यायला यायचे, कारण तो थाळकार होता. पितळी थाळीच्या मध्यात मेणाचा गोळा, त्यात उभी खोचलेली सराच्या गवताची काडी. काडीवरून बोटं खाली ओढली की थाळी घुमायची, आणि त्या घुमण्यावर रावजी मेलेल्या माणसाला वाट दाखवायचा. अंगणातून उठवायचा, वेशीबाहेर काढायचा, डोंगर चढवून नदीकाठी आणायचा आणि नदी पार करून वाडवडिलांत नेऊन सोडायचा. प्रत्येक टप्प्यावर त्या माणसाला नावाने हाक. रावजीच्या घराण्याचे दोन नियम होते. नाव घेतल्याशिवाय गायचं नाही, आणि एकदा उठवलेलं माणूस नदीपार पोचवल्याशिवाय थाळी खाली ठेवायची नाही.

ललितला या सगळ्याची लाज वाटायची. का लपवावं? आश्रमशाळेतून नाशिकच्या कॉलेजात आलेल्या पोराला मित्रांनी विचारलं, वडील काय करतात, तर तो ‘शेती’ म्हणायचा आणि विषय बदलायचा. पण ज्ञानेश एकदा सगळ्यांना म्हणाला, “पाचव्या वेशीसाठी असा आवाज पाहिजे, जो कोणीच ऐकलेला नाही,” तेव्हा ललित बोलून गेला, “माझे वडील गातात.” बावीस माना त्याच्याकडे वळल्या. त्या दिवशी त्याला आपल्या बापाचा पहिल्यांदा अभिमान वाटला. अभिमान वाटायलाही दुसऱ्यांच्या माना वळाव्या लागल्या, हे त्याच्या मागाहून लक्षात आलं.

मे महिन्यात तो आवाज टिपायचं यंत्र घेऊन घरी गेला. भर दुपार होती. आई, भागीबाई, दारात नागली पाखडत होती. रावजीने थाळी मांडीवर घेतली आणि विचारलं,

“कोन गेलंय?”

“कोणी नाही, बाबा. गेमसाठी पाहिजे.”

“मंग कोनाच्या नावानं म्हनू?”

“घाल कोणाचंही. तिकडं कोणाला काय कळतंय?”

रावजी जरा वेळ अंगणाकडे बघत बसला. कोणाचं घालणार? शेजारपाजारची सगळी जिवंत माणसं. बायकोचं नाव घेववेना, समोर बसलेल्या पोराचं तर नाहीच नाही. शेवटी त्याने काडीवरून बोटं ओढली आणि स्वतःलाच हाक मारली. “ऊठ रं रावजी, आंगन सोड. येस आली रावजी, येस सोड.” भागीबाईचं सूप थांबलं आणि ती उठून आत निघून गेली. ललितला गंमत वाटली. चित्रकार कोपऱ्यात सही करतो तसंच काहीतरी असेल, असं त्याला वाटलं.

अकरा मिनिटांनी गाणं नदीपाशी आलं आणि ललितने हात वर केला. “पुरे बाबा, एवढंच लागतं. जीप निघून जाईल.”

“नदीकाठी सोडू?” रावजीने विचारलं.

“पुढं गेममध्ये दुसरं आहे.”

रावजीने बोटं काढली. पोरगा शिकलेला, त्याला जास्त कळतं, असं त्या भल्या माणसाला खरोखरच वाटायचं. एकुलत्या पोरापुढे आयुष्यात तो कधी नाही म्हणाला नव्हता आणि तेव्हाही म्हणाला नाही.

जानेवारीत तीन दिवस ताप आला आणि रावजी गेला. दिवस घालायला हरसूलकडून यादव नावाचा थाळकार बोलावला. यादवने रावजीला अंगणातून उठवलं, वेशीपर्यंत आणलं, आणि तिथे त्याच्या थाळीतली काडी मेणातून निखळून पडली. त्याने पुन्हा बसवली, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा यादवने थाळी उपडी घातली.

“ह्यो हितं नायच. ह्याला आधीच कोनीतरी उठवून नेलाय,” तो म्हणाला. “ज्यानं नेला त्यानंच पार करावा. दुसऱ्याच्या हातात ते नाय.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ललित खाली बघत राहिला. मेण पातळ झालं असेल, म्हातारा दमला असेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि तो नाशिकला परतला. भागीबाईला मात्र त्याने काहीच सांगितलं नाही.

मार्चमध्ये गेम आला. पहिल्याच आठवड्यात कोणा अनोळखी माणसाचं मत आलं: ‘पाचव्या वेशीवरचं गाणं मध्येच तुटतं. म्हातारा कोणा रावजीला नदीपर्यंत आणतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. पुढचं ऐकायला मिळेल म्हणून मी चार तास तिथेच थांबलो. हा दोष आहे, दुरुस्त करा.’

ललितने ते तीनदा वाचलं. ‘दोष’ अशी खूण लागली तर ज्ञानेश गाणंच काढून टाकेल, हे त्याला ठाऊक होतं. आणि बापाचा आवाज आता जगात तेवढा एकाच ठिकाणी उरला होता. रोज डबा खाताना तो पाचव्या वेशीवर जायचा आणि कानाला लावून ऐकत बसायचा. त्याने ‘आवडलं’वर बोट ठेवलं. मग दुसऱ्या तसल्या मतालाही तीच खूण लावली, तिसऱ्यालाही. बाप जवळ राहावा म्हणून पोराने केलेली ही चोरी. तिला काय नाव द्यावं ते मला सुचत नाही.

मतं येत राहिली आणि हळूहळू त्यांचा रंग पालटला. ‘गेम बंद केला तरी म्हातारा डोक्यातून जात नाही.’ ‘माझी मुलगी विचारते, रावजी अजून तिथेच आहे का?’ ‘आवाज बंद ठेवून खेळलो, तरी नदी आली की ऐकू आलं.’ एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘त्याला जाऊ द्या.’ ललित खुणा लावत गेला. खालच्या दवाखान्यात दात कोरायचं यंत्र सुरू झालं की त्याच्या हातावर काटा यायचा, कारण ते थेट थाळीसारखं घुमायचं. पल्लवी म्हणाली, “तुझा चेहरा बघ, कसा झालाय.” तो म्हणाला, झोप होत नाही.

जूनच्या सुरुवातीला आईचा फोन आला. भागीबाई उगाच फोन करणारी बाई नव्हे.

“तुझा बाप वढ्यावर दिसतो,” ती म्हणाली. “पानी भराया गेले का पल्याडच्या दगडाकं बघत बसलेला असतो, अल्याड. हाक मारली तर वळत नाय. बघते तं उठतो, घराकं जातो, आन् लगेच परत येऊन तिथंच बसतो. दिसभर त्याचं तेच. पाय दुखत आसतील रं त्याचं.” मग तिने विचारलं, “त्या दिशी तू त्याला कुठं सोडलंस?”

ललितने सगळं सांगितलं. नदीचं सांगितलं, गेमचं सांगितलं, खुणांचंही सांगितलं.

“बंद कर ते,” भागीबाई म्हणाली. “म्हातारा मानूस, किती येळा चालवशील?”

फोन ठेवल्यावर ललितने हिशेब मांडला. गेम खेळणारे चाळीस हजार. यातला कोणीही नदीकाठी थांबला की दर अकरा मिनिटांनी रावजी अंगणातून नव्याने उठणार, वेस ओलांडणार, डोंगर चढणार आणि पाण्यापाशी येऊन थांबणार. कुठे ना कुठे कोणीतरी खेळतच असतं. म्हणजे त्याला क्षणभरही बसायला मिळत नव्हतं.

तो तडक ज्ञानेशकडे गेला. “पाचव्या वेशीवरचं गाणं काढून टाकूया. अर्धवट आहे ते.”

ज्ञानेशने तक्ता उघडून त्याच्यापुढे सरकवला. “अख्ख्या गेममध्ये लोकांना सगळ्यात जास्त काय आवडलंय, बघ. शंभरातल्या एक्क्याण्णव खुणा. तूच तर लावल्यास.”

“त्या खोट्या आहेत. मीच बदलल्या.”

ज्ञानेशने त्याच्याकडे दयेने पाहिलं. “ललित, वडील जाऊन वर्षही झालं नाही, मला कळतं. चार दिवस घरी जाऊन ये. पण गाणं राहणार. दुसऱ्या भागातही घेतोय आपण. जिथे तुटतं ना, तिथेच तर अंगावर येतं.”

ललितने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तो धोंडा आता त्याच्या एकट्याचा राहिला नव्हता.

शनिवारी सकाळी तो पेठ फाट्यावरून जीपने निघाला. दुपारी पाड्यावर पोचला, तेव्हा भागीबाई ओट्यावर बसली होती. तिने पाणी दिलं, तो प्याला, आणि मगच तिने विचारलं.

“झालं बंद?”

“नाय, आई. होत नाय. आता माझ्या हातात नाही.”

ती रागवेल असं त्याला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओढ्याच्या बाजूला बघत राहिली. मग म्हणाली, “आसं काय हाय त्यात? मला आयकव.”

ललितने नको म्हणून पाहिलं. मग मोबाइल काढला आणि पाचवी वेस लावली. थाळी घुमली. “ऊठ रं रावजी, आंगन सोड,” रावजी म्हणाला, अगदी तस्साच, शब्दाशेवटी जरा दम लागल्यासारखा. भागीबाईने पदराचा बोळा करून तोंडाशी धरला. गाणं वेशीवर आलं, डोंगर चढलं, उतरलं. ती मान हलवत होती, जणू तो समोर बसून काही सांगतोय आणि तिला पटतंय. गाणं नदीपाशी आलं. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायच्या आत ललितने घाईने बंद केलं.

अंगणात काही हललं नाही. पाच महिने आईने बापाचा आवाज ऐकलेला नव्हता, आणि हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“लाव परत,” ती म्हणाली.

“आई, लावलं की त्याला पुन्हा...”

“म्हाईत हाय मला.” तिने त्याच्याकडे बघितलं नाही. “लाव.”

आणि ललितने लावलं.