मास्तरांचा सात दिवसांचा बेत

माझे बाबा शिंपी. गल्लीभर त्यांना मास्तर म्हणत, आणि मास्तरांच्या गळ्यात टेप दिसला नाही तर ते आजारी आहेत असं समजून माणसं चौकशीला येत. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. तिथे कापायचं लांब टेबल, दोन मशिनं आणि खिडकीशी स्टुलावर आई. काजं-बटणं तिची.

शाळांना सुट्टी लागली की साऱ्या जगाची मुलं कुठे कुठे फिरायला जात आणि आमच्या घरी गणवेशांचा डोंगर येई. शाळा उघडण्याआधी कपडे हातात हवेत, म्हणजे सुट्टीत शिंप्यानं मान वर करायची नाही. हे बाबांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी दर उन्हाळ्यात ते समुद्राकाठच्या एका शहराचा बेत आखत. राहायचं तर आठवडाभर, एक दिवस कमी नाही.

माहिती ते गिऱ्हाइकांकडून काढत. तिकडे नोकरी केलेला एक ड्रायव्हर पँट शिवायला आला की माप बाजूलाच राही.

"दुपारी वाळूवर अनवाणी चालवतं का हो?" त्याच्या कंबरेभोवती टेप धरून बाबा विचारत. "आणि दीपस्तंभावर चढू देतात, की खालूनच बघायचा?"

ड्रायव्हर बिचारा पोट आत ओढून उत्तरं देई. त्याची पँट दर वेळी घट्ट व्हायची, त्याचं कारण हेच.

मी अकरा वर्षांची असताना बेत खरोखर ठरला. तिकिटं आली. कपड्यांचे फर्मे, म्हणजे कापडावर ठेवून आखायचे नमुने, कापायला असतो तो खाकी कागद घेऊन बाबांनी पट्टीनं रेघा मारल्या, सात दिवस लिहिले आणि कागद मशीनमागच्या भिंतीवर लावला. पहिल्या दिवशी खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो का ते बघणे. दुसऱ्या दिवशी होडी. तिसऱ्या दिवशी दीपस्तंभ, तो दादासाठी. चौथ्या दिवशी शंखांचा बाजार, तो माझ्यासाठी. दादानं तर अर्ध्या वर्गाला शंख कबूल करून टाकले होते.

निघायला चार दिवस उरले, आणि घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, तसे एका शाळेचे मुख्याध्यापक दारात उभे. त्यांचा शिंपी ऐन वेळी पाय मोडून बसला होता. दोनशे शर्ट हवे होते. बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं सुईत दोरा ओवला. परक्याला नाही म्हणणं बाबांना कधी जमलंच नाही. आम्हाला म्हणणं मात्र जमे. याचा मला कित्येक वर्षं राग होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही खेळून आलो तर भिंत मोकळी. घरातला खाकी कागद संपला होता, म्हणून बाबांनी भिंतीवरचा काढला, उलटा केला आणि त्याचा शर्टाचा फर्मा कापला. हातात कात्री आली की त्यांना कागदाची एकच बाजू दिसे.

"बाबा, तुम्ही समुद्र कापलात," दादा म्हणाला.

बाबांनी तुकडे उलटून पाहिले. होडी पाठीवर गेली होती, दीपस्तंभ बाहीवर. ते स्टुलावर बसले. "मला वाटलं, जुनाच कागद आहे," एवढंच म्हणाले. मी त्या दिवशी जेवले नाही. तिकिटं आईनं परत केली.

शाळेला शर्ट आवडले आणि ते काम कायमचं आमच्याकडे आलं. पुढची तीस वर्षं दर सुट्टीत आमची सहल कपाटातून निघायची, कापडावर पसरली जायची, तिच्या कडेनं खडू फिरायचा आणि ती पुन्हा कपाटात जायची. समुद्राचं नाव घरात कोणी काढलं नाही.

यंदा बाबांची नजर अधू झाली आणि दुकान बंद केलं. कपाट आवरताना मला ते फर्मे सापडले, खडूनं कडा पांढऱ्या झालेले. मी ते पलंगावर जुळवत बसले. पाठ, पुढचे दोन भाग, बाही, कॉलर. बाबांचं अक्षर अजून तसंच ठसठशीत होतं. सहा दिवस जुळले, सातवा मिळेना. शेवटी तो खिशाच्या फर्म्यावर निघाला. तळहाताएवढा तुकडा, आणि दोनच शब्द: हिला विचारणे.

मी बाबांना वाचून दाखवलं. "विचारलंत का मग?"

"राहिलं," बाबा म्हणाले. "म्हटलं, निघताना विचारू."

आई दारात उभी होती. "मी तेव्हाच वाचलं होतं," ती म्हणाली. "समोरच तर बसायचे. वाट बघत होते, कधी विचारताय."

मी म्हटलं, "तिकिटं मी काढते. दादालाही कळवते. आता तरी विचारा."

बाबांनी घसा साफ केला. "सातव्या दिवशी काय करायचंय तुला?"

मला वाटलं, ती काही नको म्हणेल. जन्मभर तेच म्हणत आली होती.

"पाण्यात पाय सोडून बसायचंय," आई म्हणाली. "तुम्ही शेजारी हवेत, आणि गळ्यात तो टेप नको. आणि हे सातव्या दिवशी नको, पहिल्याच दिवशी. सातव्यापर्यंत तुम्हाला तिकडेही कुणी गिऱ्हाईक भेटेल."

दुकान बंद झालं तरी टेप गळ्यातच होता. बाबांनी तो काढून उशीवर ठेवला. मग चाचपडत टाचणी उचलली आणि खिशाचा तुकडा पलंगावरच्या चादरीला, सगळ्या दिवसांच्या वर टाचला.

"सरळ लागलाय का गं?" त्यांनी आईला विचारलं.