न चाखलेलं मटण

पनवेलच्या आसपासच्या कितीतरी हळदींचं मटण मी रांधलंय आणि त्यातला रस्सा आजतागायत जिभेला लावलेला नाही. हे कळलं की लोक मला वेड्यात काढतात. काढू देत, जेवताना मात्र दुसऱ्यांदा वाढून मागतात.

मी मूळची वाईची. माहेरी चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नसे. लग्न होऊन करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये आले, पोळीभाजीचे डबे सुरू केले आणि सहा वर्षांत त्या डब्यांचा असा वीट आला की सांगायची सोय नाही. चार जणांची बटाट्याची भाजी, दोन जणांची मेथी. मला मोठ्या चुलाणावर, अख्ख्या गावासाठी रांधायचं होतं. आता इथे मोठा स्वयंपाक म्हणजे आगरी लोकांची हळद. लग्नाच्या आदल्या दिवशी सारं गाव जेवायला असतं, आणि जेवण म्हणजे मटण. लग्नातला वरणभात कोणाच्या लक्षात राहत नाही, हळदीच्या मटणाची आठवण मात्र वर्षानुवर्षं काढतात.

म्हणून मी इथल्या सगळ्यात नावाजलेल्या आगरी आचाऱ्याकडे गेले. साठीचे गृहस्थ, सगळे त्यांना काका म्हणायचे.

"बाय, तू मटन खातेस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मंग शिकून काय करशील?"

"रांधीन."

ते इतके हसले की ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी समजावलं, मटणाच्या टोपाला त्यांच्याकडे बाईचा हात लागत नाही. बायका तांदळाच्या भाकऱ्या करतात. मी म्हटलं, भाकऱ्या तर भाकऱ्या. पण माझा हात पोळीचा. माझी तांदळाची भाकरी परातीतून उचलली की तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे व्हायचे. भाकरीवाल्या बायकांनी अर्धा तास सहन केलं आणि मग एकमताने मला कांद्याला बसवलं.

घरी सासूबाई विचारायच्या, कसलं काम गं? मी म्हणायचे, लग्नाचा स्वयंपाक. खोटं काय होतं त्यात? नवऱ्याला सगळं ठाऊक होतं. आमचं हे बोलणं निघालं की तो मोबाइलमध्ये डोकं खुपसायचा.

कांदे सोलत का होईना, पण मी चुलाणाच्या वाऱ्यावर बसलेली होते. नाकाला कोण अडवणार? एके दिवशी राहवलं नाही. म्हटलं, "काका, मसाला अजून कच्चा आहे." काकांनी येऊन बोटाने चाखलं, माझ्याकडे रागाने पाहिलं आणि खाली आणखी दोन लाकडं सारली.

संध्याकाळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. "नाक चांगला हाय तुजा. बाईचा काय ता मी गाववाल्यांना सांगीन. पन चाखल्याबिगर आचारी व्हत नाय. मे महिना सरंपरयंत चाखाला शिक, टोप देतो. नायतर तुजे डबे बरे."

मला भयंकर राग आला, कारण माणूस बरोबर बोलत होता. मी प्रयत्न केला. चमचाभर रस्सा घेऊन मंडपामागे गेले, डोळे मिटले, चमचा ओठापर्यंत नेला. धर्म वगैरे काही आड आला नाही, घसाच आड आला. असं तीनदा झालं. शेवटी डब्याच्या गिऱ्हाइकांना फोन करून ठेवले, जूनपासून परत सुरू करतेय म्हणून. फोन ठेवला आणि रडले.

हंगामातली शेवटची हळद कर्नाळ्याच्या बाजूच्या एका गावात होती. तिथे दुपारी पाहते तर काका टोपाभोवती येरझाऱ्या घालतायत. काय झालं विचारलं, तर म्हणाले, देवीचं.

त्या गावची रीत अशी की पहिलं ताट गावदेवीला जातं, मटणाचंच. त्यासाठी वेगळा छोटा टोप लावतात आणि देवीचं ताट जाईपर्यंत त्यातला थेंबही कोणी तोंडात घालायचा नाही. नंतर तो प्रसाद घरातली म्हातारी माणसं खातात. काकांचा सगळा कारभार जिभेवर. जीभ बांधली की मिठाचा अंदाज चुकायचा. गेल्या वर्षी याच गावात एक म्हातारी म्हणाली होती, देवीनं कसं खाल्लं कुनास ठाऊक.

"मीठ किती घालू, चाखता येत नाय," काका म्हणाले.

मला हसूच आलं. आमच्या घरी नैवेद्य दाखवायच्या आधी कधी कोणी काही चाखलंय? पुरण, कटाची आमटी, चाळीस पानांचा स्वयंपाक आई जिभेला न लावता करायची. वाफेचा वास घ्यायचा, मीठ मुठीने ओळखायचं. नवव्या वर्षी मी बोट चाटलं होतं, तेव्हा पाठीत बसलेला धपाटा अजून आठवतो.

"काका, मी जन्मभर हेच करत आलेय. द्या इकडे."

त्यांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. "देवीच्या टोपाला बाईचा हात..."

"देवी कोण आहे मग?" मी म्हटलं.

काकांनी डाव माझ्या हातात दिला.

हे बिघडलं की उद्यापासून मेथीची भाजी. मसाल्याचा कच्चा वास जाईपर्यंत हलले नाही, मीठ आईच्या मुठीने घातलं, रस्सा उकळू लागल्यावर वाफ हुंगून आणखी चिमूटभर घातलं आणि झाकण ठेवलं. ताट देवीला गेलं. मग म्हातारी माणसं जेवायला बसली.

थोड्या वेळाने नवऱ्या मुलाची थोरली आत्या हातातलं ताट घेऊनच चुलाणापाशी आली. "देवीचं कोनी केलं?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं. बामनाची हाय. मटन खात नाय."

आत्याबाईंनी मला निरखून पाहिलं. "मंग मोठ्या टोपात पन हिलाच मीठ घालाला सांगाचा व्हता," म्हणाल्या आणि गेल्या.

मोठा टोप काकांचा होता. ते बराच वेळ लाकडं सारखी करत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुलशीचा लगीन झाला का ये. कांद्याला दुसरी कोनतरी बघू."

तो डाव हातात धरलेला माझा फोटो कोणीतरी स्टेटसला टाकला आणि शेजारणीने तो सासूबाईंना दाखवला. मी घरी पोचले तेव्हा त्या दारातच होत्या.

"देवीचा नैवेद्य होता?"

"हो."

"चाखला नाहीस ना?"

"नाही."

त्या आत गेल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत आणि नंतर तो विषयच कधी काढला नाही.

तुळशीचं लग्न झालं. माझ्या पहिल्या मोठ्या टोपाच्या दिवशी मी सकाळी निघाले, तर सासूबाई दार अडवून उभ्या. म्हटलं, झालं, आता भांडण. त्यांनी स्वतःच्या जुन्या सुती लुगड्याचा फाडलेला तुकडा पुढे केला.

"डोक्याला घट्ट बांध," त्या म्हणाल्या. "मटणात केस निघाला तर लोक आपल्या घराण्याला नावं ठेवतील."