नागोरावभाऊंचा नरम टेम्पो

आमच्या गल्लीतले नागोरावभाऊ टेम्पोतून कापूस वाहायचे. त्यांच्या बायकोचं, जयवंतावहिनींचं, मणक्याचं दुखणं वाढलं आणि त्या घराबाहेर पडेनाशा झाल्या. एकदा जैनथच्या देवाचं दर्शन व्हावं एवढंच त्यांच्या मनात होतं, पण खड्ड्यातला एक हादराही त्यांना सोसवत नसे.

भाऊ भंगारवाल्यांकडे हिंडू लागले. मंचेरियलला मोडीत निघालेल्या ॲम्ब्युलन्सचं मागचं एक्सल आणि स्प्रिंगचे नरम पाटे मिळाले. हादरे झेलणारे शॉकअप वांकिडीहून आणले.

गॅरेजातला मिस्त्री म्हणाला, "भाऊ, या पाट्यांवर कापसाचं ओझं नाही चालायचं. काय वाहान मंग?"

"तुह्या वहिनीले," भाऊ म्हणाले.

सगळं बसवल्यावर ते स्वतः मागं गादीवर आडवे झाले आणि मिस्त्रीला वाईटातल्या वाईट रस्त्यानं टेम्पो न्यायला लावला. "अजून लागून राह्यलं," म्हणत पाटे पुन्हा खोलायला लावले.

एकादशीला आम्ही जैनथला निघालो. मी वहिनींच्या उशाशी बसून नाम घेत होते. मोठा खड्डा आला तसे मी डोळे मिटले. टेम्पो अलगद खाली गेला आणि वर आला. मी डोळे उघडले. पाहते तर वहिनींना झोप लागलेली!

देवळापाशी भाऊ घाबरतच मागं आले. "लय लागलं काय तिले?"

"झोपल्या हो भाऊ."

त्यांनी आत वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "उठवू नका, ताई. वर्षभरात अशी झोपली नाही. देव थांबन थोडा."

मी चपला काढल्या आणि तिथंच, टेम्पोपाशी, हात जोडले.