गॅरेजच्या कोब्यावर ऑइल पेंट

आमच्याकडे गाडी नाही, पण गॅरेज आहे. पलूसला घर बांधलं तेव्हा बायकोनंच हट्ट धरला होता. लेक-जावई पुण्याहून येतील, त्यांची गाडी उन्हात का उभी राहावी, असं तिचं म्हणणं. म्हणून घराच्या उजव्या अंगाला एक लांबट खोली काढली, पुढं शटर लावलं, खाली सिमेंटचा कोबा घातला. वर्षातनं दोन-तीनदा तिथं गाडी लागायची. बाकीचे दिवस शटर बंद.

मी कोयनानगरला धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात ऑपरेटर होतो. सगळी नोकरी तिथंच झाली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं इकडं आलो, कारण वडलांच्या वाट्याची थोडी जमीन इकडं होती. तिच्यातला ऊस चुलतभाऊच बघतो, मला शेतीतलं काही कळत नाही. मग लेकीला बाळ झालं. तिची रजा संपली तशी बायको सहा महिन्यांसाठी म्हणून पुण्याला गेली. सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं दीड वर्ष झालं. एवढ्याशा पोराला पाळणाघरात ठेवायला कुणाचंच मन होईना. मलाही ते पटत होतं. मी कधी काही म्हणालो नाही.

ती रोज संध्याकाळी फोन करायची. जेवलात का, गोळी घेतली का, पाणी आलं होतं का. मी हो, घेतली, आलं होतं, एवढंच सांगायचो. मग ती फोन बाळाच्या तोंडाशी धरायची. बाळ एखादा हुंकार द्यायचं, नाहीतर बोटानं फोन बंद करून टाकायचं. ती परत फोन लावायची नाही आणि मीही लावायचो नाही. दिवसाचं बोलणं तिथं संपायचं.

कोयनेच्या क्वार्टरमध्ये अशी शांतता मी कधी बघितली नव्हती. शेजारच्यानं कुकर लावला तर शिट्ट्या आम्ही मोजायचो. भूकंपाचा छोटासा धक्का बसला, नुसती भांडी हलली, तरी सगळी चाळ रस्त्यावर यायची, आणि धक्का विसरून तासभर गप्पा चालायच्या. पलूसच्या घराला चारी बाजूंनी मोकळी जागा आहे. ती आम्हीच हौसेनं ठेवली होती. कधी कधी दुपारी माझ्या लक्षात यायचं की सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग कुणी गेटवर आलं की पहिला शब्द घशात अडकायचा, खाकरून पुन्हा बोलावं लागायचं.

एप्रिलमध्ये लेकीनं कळवलं की मेच्या शेवटी सगळे दोन दिवसांसाठी येणार. मी त्याच दिवशी शटर उघडलं. आत धूळ, कोळिष्टकं, आणि कोबा असा की झाडावं तेवढी आणखी धूळ निघावी. पांढरट सिमेंटची भुकटी. मला वीजघरातली जमीन आठवली. मशीन हॉलची ती जमीन राखाडी रंगानं रंगवलेली होती, दिव्यांचं प्रतिबिंब तिच्यात पडायचं. वर्षानुवर्षं मी तिच्यावरून चाललो, पण तिला रंग कसला लावतात, हे कधी विचारलं नव्हतं. रंग तो रंग, असं माझ्या डोक्यात. आपलं गॅरेजही तसं करायचं ठरवलं.

बाजारातल्या रंगाच्या दुकानात गेलो आणि राखाडी ऑइल पेंट मागितला. दुकानदारानं विचारलं, कशाला लावायचाय? मी म्हणालो, लोखंडी गेटला. का खोटं बोललो ते मला आजही नीट सांगता येत नाही. साठी ओलांडलेला माणूस एकटाच गॅरेजची जमीन रंगवत बसणार, हे परक्या माणसाला सांगायची लाज वाटली असावी. खरं सांगितलं असतं तर त्यानं तिथंच मला थांबवलं असतं. त्यानं गेटचा रंग म्हणून चांगला रंग दिला. त्याची काही चूक नाही.

ते चार-पाच दिवस मात्र माझे बरे गेले. एक दिवस झाडण्यात आणि पाण्यानं धुण्यात गेला. मधोमध गाडीच्या ऑइलचा एक जुना डाग होता, तो धुण्याच्या सोड्यानं घासला. फिकट झाला, गेला नाही. रंगाखाली जाईल म्हणून सोडून दिला. दुसऱ्या दिवशी वरवर वाळलेलं दिसलं आणि मी मागच्या भिंतीपासून रंगवायला सुरुवात केली. ब्रश घेऊन, गुडघ्याखाली पोतं घालून, मागं मागं सरकत शटरपर्यंत आलो. रंगाच्या वासानं डोकं चढलं होतं, पण सकाळी उठल्यावर करायला काहीतरी आहे, याचाच आनंद जास्त होता. दोन हात दिले. वाळायला ठेवून दारात खुर्ची टाकून बसलो. रस्त्यावरून जाणारा एखादा मान वळवून बघायचा, मी उगाच हात वर करायचो. फोनवर बायकोला यातलं काही सांगितलं नाही. आल्यावर बघेल, म्हटलं.

ते आले तेव्हा भर दुपार होती. पुण्यापासून डांबरी रस्त्यावर तापत आलेली गाडी मी हातानं खुणा करून आत घ्यायला लावली. जावई उतरले आणि खाली बघून म्हणाले, "मामा, एकदम शोरूम केलंय की." लेक बाळाच्या मागं धावत होती. बायको शटरपाशी थांबली, चप्पल काढून एक पाऊल आत टाकलं आणि पायानं जमीन चाचपून बघितली. "कुणाकडनं करून घेतलं?" तिनं विचारलं. मी केलं म्हणालो. तिनं माझ्या गुडघ्यांकडं बघितलं.

दोन दिवस घर भरलेलं होतं. बाळ मला नव्यानं ओळखायला शिकलं, माझ्या चष्म्याला हात घालू लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी निघायची वेळ झाली. जावयांनी गाडी मागं घेतली आणि चर्र असा आवाज आला, ओल्या कापडाचं ठिगळ ओढून काढावं तसा. त्यांनी लगेच ब्रेक दाबला. आम्ही वाकून बघितलं. टायर जिथं उभे होते तिथला रंग टायरला चिकटून निघून आला होता. चार ठिकाणी खाली पांढरा कोबा दिसत होता आणि टायरवर राखाडी सालपटं लोंबत होती.

जावई बिचारे ओशाळले. त्यांचाच काही दोष असल्यासारखे पुन्हा पुन्हा सॉरी म्हणू लागले. लेक म्हणाली, "पप्पा, कशाला हे करत बसलात? एखादा माणूस लावायचा ना." ती रागावली नव्हती, तिला उशीर होत होता. बायको मात्र खाली बसली आणि टायरवरची सालपटं नखानं काढू लागली. जावई राहू द्या म्हणाले तरी तिनं चारही टायर साफ केले. मग हात धुतले, बाळाला घेतलं आणि मागच्या सीटवर बसली. गाडी वळेपर्यंत ती काचेतून माझ्याकडं बघत होती.

पुढचे दोन आठवडे मी शटर उघडलं नाही. पाऊस लागल्यावर उघडलं, तर उरलेल्या रंगालाही फोड आले होते. बोटानं दाबलं की फोड फुटायचा, आत पाण्याचा थेंब असायचा. ऑइलच्या डागावरचा रंग तर कागदासारखा उचलून आला. ते बघितलं आणि मला वीजघरातला आमचा पेंटर आठवला. मशीन हॉलची जमीन तोच रंगवायचा. तो मूळचा माणदेशातला, घरी पूर्वी मेंढरं राखायचे. निवृत्तीनंतर मुलाकडं लोणंदला राहायला गेला होता. आमचं शेवटचं बोलणं होऊन तीन वर्षं झाली असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळची पॅसेंजर धरली. कऱ्हाड, सातारा करत गाडी निवांत चालली होती. रंगाचा एक पोपडा मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतला होता, डॉक्टरला दाखवायला रिपोर्ट घ्यावा तसा.

तो घरीच होता. मुलगा-सून कामावर गेलेले, त्याची बायको आत काही निवडत होती. त्याचे हात आता थरथरतात, पण पोपडा त्यानं उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितला आणि हसला. म्हणाला, हा दरवाजाचा रंग, जमिनीला कसा टिकंल? मग त्यानं सगळं सांगितलं. सिमेंट जमिनीतली ओल वर टाकत राहतं आणि हा रंग तिच्यावर झाकण घालून बसतो, त्यामुळं ओल त्याला खालनं ढकलते. आधी प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवायचा, कागदाखाली घाम आला तर रंगाचं नावच काढायचं नाही. ऑइलचा डाग मुळापासून काढायचा. ॲसिडनं जमीन थोडी खरबरीत करायची, म्हणजे रंगाला धरायला जागा मिळते. आणि रंग घ्यायचा तो दोन डब्यांचा, एकात एक मिसळून लावायचा, तरच तापलेला टायर सोसतो. वीजघरात तोच होता.

सांगून झाल्यावर त्यानं पोपडा पिशवीत परत घातला.

"पर गड्या, हे तू फोनवर इचारलं असतंस तर दोन मिन्टात सांगितलं असतं की. एवढ्यासाठी लोणंदला आलास?"

मी पिशवीची घडी घालत बसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि आत आवाज दिला, "अगं, ह्यो आज ऱ्हातोय. तांदूळ जास्त टाक."

जेवताना त्यानं हळूहळू सगळं काढून घेतलं. बायको कधी गेली, परत कधी येणार, मी काय खातो, दिवसभर काय करतो. मग म्हणाला, "वैनीला सांगितलंस का?"

"काय?"

"की तुला करमत न्हाई म्हणून."

मी म्हणालो, तिला कळत असेल.

"कसं कळायचं? मला तरी कुठं कळलं हुतं, तू दारात हुबा ऱ्हाईपर्यंत?"

त्याची बायको ताकाचं भांडं घेऊन आली आणि आम्ही तो विषय सोडला. संध्याकाळी आम्ही दोघं स्टेशनपर्यंत सावकाश चालत जाऊन आलो. त्यालाही दिवसभर कुणी बोलायला नसतं, हे मला तेव्हा समजलं. दुसऱ्या दिवशी मी परत आलो.

आल्यावर पत्ती घेऊन रंग खरवडायला बसलो. लावायला चार-पाच दिवस लागले होते, काढायला तीन आठवडे लागले. जिथं ओल होती तिथला रंग सहज निघाला. भिंतीकडेला कोरडी जागा होती, तिथं तो हट्टानं धरून बसला होता. त्याच दिवसांत एका संध्याकाळी बायकोचा फोन आला. जेवलात का, गोळी घेतली का. आज काय केलं, असं तिनं त्या दिवशी का विचारलं कोण जाणे. रंग काढतोय म्हणालो. ती म्हणाली, राहू द्या ना, कोण बघतंय.

मी म्हणालो, "मला इथं करमत नाही."

मागं बाळाचं खेळणं वाजत होतं, ते थांबलं. तिनं खोलीचं दार लावल्याचा आवाज आला.

"मला वाटायचं तुम्हाला एकटं बरं वाटतं," ती म्हणाली. "कोयनेतसुद्धा ड्यूटीवरनं आलात की तुम्ही गप्पच बसायचात."

"तेव्हा तू असायचीस."

ती म्हणाली, "त्या दिवशी टायर साफ करताना माझ्या मनात आलं होतं की आत्ता सांगावं, मी राहते म्हणून. पण बाळाची बॅग गाडीत ठेवून झाली होती." मग म्हणाली की तिलाही तिकडं दुपारी कुणी नसतं. समोरच्या बाई दाराला साखळी लावून बोलतात. पहिल्यांदाच त्या दिवशी तिनं फोन बाळाच्या तोंडाशी धरला नाही.

त्यानं फार काही बदललं असं नाही. बाळ शाळेत जाईपर्यंत तिला सुटका नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. आता मी महिन्यातले आठ-दहा दिवस पुण्याला जातो, हॉलमधल्या दिवाणावर झोपतो, दुपारी बाळाला खाली फिरवतो. ती आणि मी पुन्हा थोडं बोलायला शिकतोय. मग मी परत येतो, घर उघडतो, बंद राहिलेल्या हवेचा वास येतो, आणि पहिले दोन दिवस फार जड जातात. गॅरेजचा कोबा मी तसाच उघडा ठेवला आहे.

दिवाळीनंतर लोणंदचा मित्र आला. काठी टेकत गॅरेजमध्ये गेला, तांब्याभर पाणी ओतून ते किती वेळात मुरतंय ते बघितलं आणि म्हणाला, असूं दे असंच. दोन दिवस राहिला. वीजघरातल्या कुणाकुणाचं काय झालं ते आम्ही आठवत बसलो. त्याच्यासाठी म्हणून मी गावातल्या खानावळीत रोज दोन डबे सांगितले होते. त्याला स्टेशनवर सोडून येताना त्याचा डबा रद्द करायचा राहून गेला. डबेवाला दोन्ही डबे ओट्यावर ठेवून गेला होता. एक मी दुपारी खाल्ला, दुसरा संध्याकाळी गरम करून.