दोन मजल्यांच्या मधली जाग

मंगळवार, १४ मार्च १९७८. लिफ्टमध्ये जीव सात.

सहा उभे होते. सातवा, म्हणजे लिफ्ट चालवणारा, स्टुलावरून घसरून त्यांच्या पायांशी पडला होता. दांड्यावरचा हात सुटला की लिफ्ट आपोआप थांबावी, अशी त्या जुन्या यंत्राची रचना होती. त्यामुळे कोणाला खरचटलेही नाही. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये सारे अडकले, एवढेच.

या गृहस्थाला कचेरीत ‘एरंडेल’ म्हणत. एकोणीस वर्षांत त्याला कोणी हसताना पाहिले नव्हते. त्यामागे शिष्टपणा नव्हता, शिस्त होती. मनापासून हसू आले की त्याचे गुडघे लुळे पडत, मान गळे, जीभ जड होई. ऐकू मात्र सगळे येई. घरी बायको आधीच बजावे, “बसून घ्या, गंमत सांगायचीय.” कामावर अशी पूर्वसूचना कोण देणार?

त्या सकाळी टायपिस्ट बाई हेडक्लार्कना सांगत होत्या, “साहेब काल पत्र सांगता सांगता घोरायला लागले. मी तीन ओळी कोऱ्या सोडल्या. जागे झाले, सही ठोकली, नि पत्र गेलंसुद्धा!”

एरंडेलाने ओठ चावले, मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. निम्म्यावर तो हरला.

“झोपला बघा!” हेडक्लार्क म्हणाले. “कामावर झोपायचा मान या इमारतीत एकट्या साहेबांचा. यानं तोही बळकावला!”

दोन मिनिटांनी तो उठला, टोपी सारखी केली आणि सर्वांना चौथ्या मजल्यावर सोडले. दुपारपर्यंत हेडक्लार्कची तक्रार वर गेली होती: कामावर असताना निद्रिस्त. तो त्याच दिवशी निलंबित झाला. आरोप सिद्ध झाल्यास नोकरी जाणार होती.

एकवीस दिवसांनी चौकशी झाली. चौकशी अधिकारी साहेबच. एरंडेलाने सोबत डॉक्टर आणले होते. डॉक्टर म्हणाले, “स्वप्नात आपण पळतो, पण अंथरुणात पाय हलत नाहीत. शरीर तेवढा वेळ त्यांना कुलूप घालतं. यांच्या बाबतीत ते कुलूप जागेपणी पडतं, हसू आलं की.”

“म्हणजे झोपला होता की जागा होता?” साहेबांनी विचारले. “फॉर्मवर रकाने दोनच आहेत.”

“अंग झोपलं होतं. माणूस जागा होता.”

“मग सांगू दे, तेव्हा कोण काय बोललं ते.”

एरंडेलाने सांगितले. कोणी पाणी मागितले, कोणी लिफ्टच्या वयाचा उद्धार केला, टायपिस्ट बाई “अहो, कोणीतरी त्यांचं डोकं धरा” म्हणाल्या, सारे शब्दशः.

“आणि हेडक्लार्क?”

हेडक्लार्कांनी रुमाल काढला. ते वाक्य सांगितले तर एकाची नोकरी वाचणार होती आणि दुसऱ्याची जाणार होती.

“हेडक्लार्कसाहेब म्हणाले की...” एरंडेलाने सुरुवात केली. समोर साहेब, शेजारी घामाघूम हेडक्लार्क आणि ओठांवर आलेले ते वाक्य. त्याला हसू फुटले आणि तो टेबलाच्या कडेने खाली बसत गेला.

साहेब उठून आले, वाकले. दबक्या आवाजात डॉक्टरांना विचारले, “हा मला हसला काय हो?”

थोड्या वेळाने एरंडेल उभा राहिला. “आपण विचारलंत साहेब, हा मला हसला काय. नाही साहेब.”

त्याच्या साक्षीतले हे एकमेव असत्य विधान. हेडक्लार्कचे वाक्य पुन्हा कोणी विचारले नाही. पुरावा सर्वांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर पडला होता. साहेबांनी लिहिले: निद्रा सिद्ध होत नाही. नोकरी राहिली. फक्त त्याला लिफ्टवरून काढून आवक-जावक विभागात बसवले. तिथे हसून पडले तरी कोणी अडकत नाही.

माणूस उभा असेल तर जागा आणि आडवा असेल तर झोपलेला, असे आपण समजतो, आणि आपले नियमही याच समजुतीवर लिहिलेले असतात. मधल्या अवस्थेला फॉर्मवर रकाना नाही. निलंबनाचे ते एकवीस दिवस कोणत्या रकान्यात टाकायचे, हे हिशेब विभागाला ठरवता आलेले नाही.

त्या दिवसांचा पगार अजून मिळालेला नाही.