चौघींचा एक ट्रे

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास मी सातपूरच्या एका कारखान्यात तांब्याच्या तारेच्या कॉइल गुंडाळायचे. एका टेबलाला आम्ही चौघी आणि चौघींत मिळून एक ट्रे. संध्याकाळी सुपरवायझर भरलेला ट्रे उचलून न्यायचा. कोणी किती केल्या, हे विचारायची पद्धतच नव्हती.

माझ्या समोर नुकतंच लग्न झालेली एक मुलगी बसायची. तार हातात धरून सासरच्या गमती सांगायची. बाकीच्या दोघी हसायच्या, मग त्यांचेही हात थांबायचे. ट्रे भरला नाही तर चौघींना बोलणी बसायची, म्हणून मी डबा कसाबसा उरकून काम ओढायचे. बोटांना चिरा पडल्या होत्या. एकदा मी म्हटलं, "जरा हात चालव ना गं."

"भरतोय की ट्रे, ताई. कशाला जीव काढता?"

ते मला असं लागलं, की हिला सगळ्यांदेखत उघडं पाडायचंच, असं मी ठरवलं. सुपरवायझरला गाठून म्हणाले, "साहेब, चौघींना वेगळे ट्रे द्या. मग बघा कोण काय करतं ते."

सोमवारी नावाच्या चिठ्ठ्या लावलेले चार ट्रे आले. त्या दिवशी तिने तोंड उघडलंच नाही. मी मनात खूश. संध्याकाळी पाहिलं, तर तिचा ट्रे माझ्यापेक्षा जास्त भरलेला! एकही कॉइल सैल नाही. त्या दोघीही माझ्या बरोबरीला आलेल्या.

"वेगळे ट्रे तुम्हीच मागितलेत ना, बाई?" सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला. "आता तुम्हीच हिच्या मागे."

बसस्टॉपवर मी तिला अडवलं. "एवढा हात होता, तर वर्षभर काय करत होतीस?"

"माहेरी येवल्याला मागावर बसायचे ना, बोटांना सवय हाय."

"मग?"

"तुम्ही होताच की करायला," ती म्हणाली. अगदी सहज, हसून.

मी तिच्याशी बोलणं सोडलं. पुढे नव्या मुलींना शिकवायचं काम तिलाच मिळालं. एकदा तिची कात्री मोडली, तिने माझ्याकडे मागितली. माझ्याकडे दोन होत्या. मी बोथट दिली. दिवसभर ती दातांनी तार तोडत होती आणि मी मान वर करून करून बघत होते. तेव्हा जे बरं वाटलं, त्याची लाज मला आजही वाटत नाही.