आगीची चाचणी

परदेशातल्या बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या ऑफिसात माझ्यासमोर एक नागपूरकर इंजिनिअर बसायचे. तीन देश मिळून बांधत असलेल्या बहुउद्देशीय युद्धनौकेची आग विझवणारी यंत्रणा आमच्याकडे होती. बोलण्याआधी ते चष्मा पुसत बसत. बैठकीत सगळे वैतागत.

एकदा साहेब म्हणाले, "तिन्ही देशांना घाई आहे. शेवटची चाचणी सोडा, सही करा."

त्या दिवशी इंजिनिअरांनी चष्म्याला हातही लावला नाही. "तुमचा मुलगा त्या नौकेवर झोपणार असता, तर सोडली असती?" ते कडाडले.

चाचणी झाली. पाण्याच्या दाबाने पाइप फुटले. ते बदलले गेले, साहेबांना बढती मिळाली आणि इंजिनिअरांचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं.

निरोपाच्या वेळी साहेबांनी 'सगळ्यांच्या दक्षतेचं' कौतुक केलं. टाळ्या वाजल्या. मी मात्र हात खिशात घातले.